टीयूएम म्युनिकमध्ये मास्टर्स: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

दर मे महिन्यात मला कधी पुण्याहून, कधी नांदेडहून, एकच प्रश्न येतो. "दादा, टीयूएमची मुदत ३१ मेपर्यंत आहे ना? सगळं तयार आहे, फक्त एपीएस राहिलंय." एपीएस म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र, आणि फक्त तेच राहिलंय म्हणजे बहुधा ते वर्षच राहिलं, आणि हे सांगताना मला खरंच वाईट वाटतं. मुलगा किंवा मुलगी हुशार असते, प्रोजेक्ट चांगला असतो, घरच्यांनी पैशांची जुळवाजुळव केलेली असते. चुकलेला असतो तो फक्त क्रम. म्हणून हा क्रम एकदा नीट लिहून काढतो आहे.

टीयूएम म्हणजे म्युनिकचं तंत्रविद्यापीठ, स्थापना १८६८. मुख्य इमारती शहरात आहेत, पण इंजिनिअरिंग, इन्फॉर्मॅटिक्स (म्हणजे कॉम्प्युटर सायन्स), फिजिक्स, केमिस्ट्रीवाल्यांचा दिवस जातो तो शहराच्या उत्तरेला, गार्शिंगमध्ये. यू ६ मेट्रोचं शेवटचं स्टेशन 'गार्शिंग-फोर्शुंग्सत्सेंट्रुम', म्हणजे गार्शिंग संशोधन केंद्र. नाव अगदी शब्दशः खरं आहे. एकाच परिसरात न्यूट्रॉन संशोधनासाठीची अणुभट्टी, लाइबनित्स सुपरकॉम्प्युटिंग सेंटर, युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीचं मुख्यालय आणि माक्स प्लांक सोसायटीच्या चार संस्था. त्यांतल्या क्वांटम ऑप्टिक्स संस्थेचे फेरेन्स क्राउझ यांना २०२३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. १९५७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या अणुभट्टीला तिच्या घुमटामुळे 'अणू-अंडं' म्हणतात आणि ते अंडं गार्शिंगच्या नगरचिन्हावरही आहे. गणित आणि इन्फॉर्मॅटिक्सच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून थेट तळमजल्यावर येणाऱ्या दोन घसरगुंड्या आहेत, पॅराबोलाच्या आकाराच्या, आणि त्यांवरून खरोखर घसरत खाली येता येतं.

हे आधी सांगायचं कारण असं की अर्जात "मला इथेच का यायचं आहे" हे लिहावं लागतं, आणि तिथे "जर्मनी तंत्रज्ञानात आघाडीवर आहे" एवढंच लिहून भागत नाही. कोणती लॅब, कोणत्या प्राध्यापकांचा कोणता विषय, तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा त्याच्याशी संबंध काय, ते लिहा.

पात्रता: पॉइंटरइतकाच सिलॅबसही बघतात

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कितीचा पॉइंटर लागतो?" तिथे प्रश्न दोन आहेत: किती गुण, आणि नेमकं काय शिकलात.

गुणांचं आधी. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. आपला पॉइंटर त्यात बसवायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. समजा पॉइंटर ८.२ आहे, कमाल १० आणि पास व्हायला किमान ४. मग १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १, म्हणजे १.९. पॉइंटर ७ असेल तर २.५. तुमच्या विद्यापीठाचा किमान उत्तीर्ण ग्रेड कोणता, हे मार्कशीटच्या मागच्या बाजूला किंवा ट्रान्सक्रिप्टवर छापलेलं असलं पाहिजे. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या, कारण किमान आकडा बदलला की उत्तरही बदलतं.

आता सिलॅबस. टीयूएमच्या बहुतेक मास्टर्सना 'ऍप्टिट्यूड असेसमेंट' असतं. तुम्ही बॅचलर्सला शिकलेले विषय तिथल्या बॅचलर्सच्या विषयांशी ताडून पाहतात आणि गुण देतात. काही कोर्सेसना 'करिक्युलर ऍनालिसिस' नावाचा तक्ता भरावा लागतो: या गटात तुमचा कोणता विषय, किती क्रेडिट, कोणता ग्रेड. बरीच मुलं हे काम शेवटच्या रात्री करतात आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. "डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स" एवढं नाव लिहून भागत नाही. त्यात लॉजिक होतं का, ग्राफ थिअरी होती का, हे तपासणाऱ्याला सिलॅबसमध्ये दिसलं पाहिजे. पुणे विद्यापीठाचा २०१९ पॅटर्न असो की मुंबईची सी स्कीम, तुम्ही ज्या पॅटर्नमध्ये शिकलात त्याच पॅटर्नचा अधिकृत सिलॅबस उतरवून घ्या. नव्या पॅटर्नचा चुकून जोडला तर मार्कशीटवरच्या विषयांशी तो जुळत नाही. हा तक्ता भरायला मी प्रत्येकाला आठवडाभर द्यायला सांगतो.

इन्फॉर्मॅटिक्ससारख्या काही कोर्सेसना भारतीय अर्जदारांकडून जीआरई किंवा गेटचा स्कोअरही मागतात. इंग्रजीतून चालणाऱ्या कोर्सना आयईएल्टीएस ६.५ किंवा टोफेल ८८ चालतो. जर्मन भाषेची सक्ती अशा कोर्सना सहसा नसते, तरी निघण्यापूर्वी काळा घोडा किंवा पुण्याच्या माक्सम्युलर भवनात जर्मनची ए१ ही पहिली पातळी तरी कराच. लॅबमध्ये इंग्रजीवर निभावतं, घरमालकाशी आणि सरकारी खिडकीवर निभावेलच असं नाही.

चार वर्षांच्या बीई-बीटेकला पात्रतेत सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांच्या बीएससी, बीसीएवाल्यांनी आपली पदवी आणि विद्यापीठ 'अनाबिन' या जर्मन सरकारी डेटाबेसमध्ये आधी तपासून घ्यावं. बारावीनंतर थेट बॅचलर्सला जायचं असेल तर वाट वेगळी आहे: जेईई ऍडव्हान्स्ड पास असाल, किंवा इथे मान्यताप्राप्त कॉलेजात एक वर्ष पूर्ण केलं असेल तर त्या जोरावर दार उघडतं, नाहीतर आधी 'श्टुडिएनकोलेग' हा एक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग. शिवाय बॅचलर्सचे बहुतेक कोर्स जर्मनमधून आहेत, हे विसरू नका.

कागदांचा क्रम

पहिला एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. दिल्लीचं कार्यालय तुमची दहावीपासूनची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत ना, ते तपासून ते देतं. फी १८,००० रुपये. दहावी-बारावीच्या मार्कशीट, सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट (एटीकेटी असेल तर नापास झालेल्या वेळचीही, काही लपवू नका), पदवी किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, पासपोर्ट. डीएएडीसारख्या जर्मन किंवा युरोपियन सरकारी निधीतली शिष्यवृत्ती मिळालेल्यांना यातून सूट आहे.

दुसरा व्हीपीडी, म्हणजे बर्लिनच्या 'युनि-असिस्ट' संस्थेने तुमचे गुण जर्मन पद्धतीत बदलून दिलेला पूर्वतपासणी दाखला. टीयूएम तो मागतं आणि युनि-असिस्ट भारतीयांकडून एपीएस मागतं. गाठ इथे पडते. व्हीपीडीला चार ते सहा आठवडे धरा, गर्दीत त्याहून जास्त. पहिल्या अर्जाची फी ७५ युरो, त्याच सेमिस्टरमधल्या पुढच्या प्रत्येकाची ३०.

तिसरा खुद्द टीयूएमचा अर्ज, 'टीयूएमऑनलाइन' पोर्टलवर. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, बऱ्याच मास्टर्सची मुदत ३१ मेला संपते, काहींची त्याआधीच. आता उलटं मोजा. मेमध्ये अर्ज, म्हणून मार्चमध्ये व्हीपीडीसाठी कागद पाठवलेले, म्हणून एपीएस डिसेंबरच्या आसपास सुरू केलेलं, म्हणून ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात ऑक्टोबरमध्येच हेलपाटा. ट्रान्सक्रिप्टला आपल्याकडे किती वेळ लागतो ते मी वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट थोडी थांबून सांगतो, कारण ती खास आपल्या महाराष्ट्रातली आहे. नाव. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव, आणि खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. आयईएल्टीएसला कुणी वडिलांचं नाव गाळतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक अक्षर जास्त, दुसऱ्यावर कमी. तिकडच्या कर्मचाऱ्यापुढे हे तीन वेगळे लोक असतात. उपाय सोपा आहे: पुढचा प्रत्येक फॉर्म पासपोर्टवर आहे तसाच, अक्षर न अक्षर, भरायचा. जुन्या कागदांत फरक असेल तर एकाच व्यक्तीची ही नावं आहेत असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र करून प्रत्येक अर्जासोबत जोडायचं. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही.

पैसे

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य आता टीयूएमला लागू नाही. २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना तिथे फी आहे: मास्टर्सना कोर्सप्रमाणे दर सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो, बॅचलर्सना २,००० किंवा ३,०००. चार सेमिस्टरचे १६,००० ते २४,००० झाले. त्यावर राहण्याचा खर्च. व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ हातात येतात. दोन वर्षांचे २३,८०८. म्हणजे दोन वर्षांत साधारण ४०,००० ते ४८,००० युरो, आणि म्युनिक हे जर्मनीतल्या सर्वांत महाग शहरांपैकी एक आहे. बँकेत कर्जासाठी जाण्यापूर्वी हा हिशेब आई-वडिलांसोबत बसून मांडा. जमणार नसेल तर दुसरी दारं आहेत: आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या तंत्रविद्यापीठाला ही फी नाही, फक्त सेमिस्टरचं अंशदान, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे कार्ल्सरुह किंवा स्टुटगार्टला, दर सेमिस्टरला १,५०० युरो. आखेनमधलं इंजिनिअरिंग कुठेही कमी नाही. 'स्ट्रीटस्कूटर' ही टपाल वाहून नेणारी इलेक्ट्रिक गाडी तिथूनच जन्मली.

टीयूएममध्ये फीमाफीच्या योजना आहेत, त्यांच्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत असते. 'डॉइचलांडश्टिपेंडियम' मिळालं तर महिन्याला ३०० युरो, अर्धे सरकारचे, अर्धे खासगी देणगीदाराचे. विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातल्याच प्राध्यापकांकडचं सहायकाचं काम, ज्याला सगळे 'हीवी' म्हणतात, त्या १४० दिवसांत मोजत नाहीत. पैसा फार नसतो, पण थिसिसचा विषय आणि पुढची पीएचडी बऱ्याचदा याच ओळखीतून निघते.

आकडे बदलत राहतात. फी आणि ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम अर्जाच्या दिवशी अधिकृत साइटवर पुन्हा एकदा बघा.

प्रवेशपत्र आल्यावर

महाराष्ट्र-गोव्याचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरता येतो, फी ७५ युरो. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, भाषेचा पुरावा, आरोग्य विमा, बायोडेटा आणि हेतुपत्र. दुसऱ्या कुणाचं हेतुपत्र उचलून नाव बदलू नका. कोर्समधले दोन-तीन विषय नावानिशी लिहा आणि परत येऊन किंवा तिकडे राहून काय करणार ते सरळ सांगा.

तिकडे पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला फॉर्म लागतो. म्हणून असा फॉर्म देणार नाही म्हणणाऱ्याची खोली घेऊ नका. विद्यार्थी वसतिगृहासाठी 'श्टुडीरेंडेनवेर्क'कडे प्रवेशपत्र येताच नाव घाला, यादी लांब असते. विद्यापीठात नाव दाखल करायला सरकारी आरोग्य विम्याची नोंद लागते, ती विमा कंपनी थेट विद्यापीठाला कळवते.

संशोधन आणि स्वतःचं काही उभं करायचं असेल तर

मास्टर्सचे एकूण १२० क्रेडिट, त्यातले साधारण ३० थिसिसचे, म्हणजे सहा महिने एकाच प्रश्नाच्या मागे. विषय वाटून मिळत नाही, आपण शोधायचा. प्राध्यापकांच्या विभागाच्या पानावर खुले विषय लावलेले असतात. पीएचडी करणाऱ्या संशोधकाला चार ओळींची ई-मेल लिहा, मार्कशीट जोडा, त्यांचा एक शोधनिबंध वाचून मगच लिहा.

पीएचडीला मास्टर्ससारखा अर्जाचा हंगाम नसतो. आधी मार्गदर्शक मिळवायचा, त्याच्याशी मार्गदर्शनाचा करार करायचा, मग टीयूएमच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये नोंदणी. बऱ्याच जागा पगारी नोकरीच्या असतात, इंजिनिअरिंगमध्ये तर खासकरून.

कल्पना बाजारात न्यायची असेल तर 'उंटरनेमरटुम' हे २००२ मध्ये सुरू झालेलं केंद्र गार्शिंगमध्येच आहे. तिथल्या मेकरस्पेसमध्ये लाकूडकामापासून थ्रीडी प्रिंटिंगपर्यंतची यंत्रं वापरता येतात. 'सेलोनिस' ही सॉफ्टवेअर कंपनी २०११ मध्ये टीयूएमच्या विद्यार्थ्यांनीच काढली. 'एक्झिस्ट' या सरकारी योजनेत विद्यार्थ्याला वर्षभर महिन्याला १,००० युरोपर्यंत, पदवीधराला २,५०० युरो मिळू शकतात. अर्ज मात्र विद्यापीठामार्फत जातो, तेव्हा मार्गदर्शक प्राध्यापक आधी गाठायला हवा.

पहिल्या तासाला वेळापत्रकात दहा लिहिलेलं असेल आणि पुढे 'सी.टी.' अशी अक्षरं असतील, तर वर्ग सव्वादहाला सुरू होतो. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकावर ठकठक करतो. आणि परीक्षेला बसायचं तर तिची नोंदणी टीयूएमऑनलाइनवर मुदतीत वेगळी करावी लागते. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं असं नसतं. ती तारीख पहिल्याच आठवड्यात फोनमध्ये टाकून ठेवा.