फ्रंट-व्हील ड्राइव्ह व रिअर-व्हील ड्राइव्ह

एंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिली जाते की मागच्या, यावरून पडणारे मोटारगाडीचे दोन मुख्य प्रकार. पहिल्या प्रकारात एंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) बॉनेटखालीच बसवलेले असतात. दुसऱ्यात एंजिन सहसा पुढेच असते, पण शक्ती प्रोपेलर शाफ्ट या लांब फिरत्या दांड्याने मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेली जाते.

पुढच्या चाकांनी ओढले जाणारे पहिले वाहन कोणते, याविषयी एकमत नाही. फ्रान्समधील क्यून्यो याच्या सुमारे १७६९–७० मधील तीनचाकी वाफेच्या गाड्याचे पुढचे एकमेव चाक वाफेने फिरत असे, म्हणून काही लेखक तो मान त्याला देतात. परंतु त्यास मोटारगाडी म्हणणे ओढूनताणून वाटते. व्हिएन्नातील ग्रेफ बंधूंची छोटी गाडी साधारणपणे १८९५ ते १८९८ या काळातील मानली जाते व तिचा दावा अधिक ग्राह्य आहे, जरी तिचे व्यापारी उत्पादन झाले नाही. खरी अडचण होती ती सांध्याची. पुढचे चाक एकाच वेळी फिरवायचे आणि वळवायचेही असते; दोन फिरते दांडे कोनात जोडणारा साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात असला की दर फेऱ्यात वेग दोनदा कमीजास्त होतो आणि कोन वाढेल तसे त्याचे हिसके स्टीअरिंगपर्यंत पोहोचतात. १९२६ च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेग्वार व फनाय यांचा ट्रॅक्टा जॉइंट आणि अमेरिकेत झेप्पा याचा पोलादी गोळ्यांचा जॉइंट पुढे आला; आजचा चाकाकडील सीव्ही जॉइंट (कोनातही वेग एकसमान ठेवणारा सांधा) बहुधा दुसऱ्याच्याच वंशातला असतो. त्यानंतर डीकेडब्ल्यू एफ१ (१९३१), सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँ (१९३४) आणि आडवे एंजिन असलेली मिनी (१९५९) यांनी ही रचना रुळवली. भारतात अँबेसेडर व प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने पुढच्या चाकांची रचना घरोघरी नेली.

नित्य वापरात पहिल्या प्रकाराची गाडी हलकी, स्वस्त व आतून ऐसपैस पडते. तिचा नाजूक भाग म्हणजे सीव्ही जॉइंटवरील रबरी बूट: तो फाटला की ग्रीस उडून जाते, धूळ आत शिरते आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना कटकट असा आवाज येऊ लागतो. माल किंवा माणसे भरून घाट चढताना मात्र भार मागे सरकतो, म्हणून तेथे मागची चाके अधिक पकड देतात.

बर्फावर पहिला प्रकार सरस, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे. दबलेल्या बर्फावर घर्षणांक (टायरच्या पकडीचे माप) ०.२ धरला आणि एका गाडीचा ६० टक्के भार पुढच्या, तर दुसरीचा ४५ टक्के भार मागच्या चाकांवर मानला, तर चढावर भार मागे सरकतो हे जमेस धरूनही पहिली सुमारे ११.५ टक्के, तर दुसरी ९.४ टक्के चढ चढू शकते. हिवाळी टायरने घर्षणांक ०.३ झाला, तर दुसरी १४ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे साध्या टायरवरील पहिलीला मागे टाकते. ब्रेक चारही चाकांना लागतात, त्यामुळे थांबण्याच्या अंतरात चालनाचा प्रकार जवळजवळ गौण ठरतो. फरक उरतो तो घसरण्याच्या रीतीत: जास्त शक्ती दिल्यास पहिल्या प्रकारची गाडी वळणात सरळ पुढे जाऊ पाहते व अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडल्यावर बहुधा सावरते, तर दुसऱ्या प्रकारच्या गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि नवख्या चालकाला ती आवरणे कठीण जाते.

स्वीडनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे साब कंपनीने १९४९ पासून पुढच्या चाकांची रचना धरली व एरिक कार्लसनने त्याच रचनेच्या साब ९६ मधून १९६२ व १९६३ च्या माँटे कार्लो रॅली जिंकल्या. त्याच देशातील व्होल्वो मात्र १९९० च्या दशकापर्यंत मागच्या चाकांच्या मोठ्या गाड्या विकत राहिली. आज तेथे १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असल्यास हिवाळी टायर सक्तीचे आहेत, मग चालन कोणतेही असो. २०२३ मध्ये व्होल्वोने आपल्या काही एकमोटरी विद्युत गाड्यांत मोटर पुन्हा मागच्या अ‍ॅक्सलवर नेली.