भाताच्या वाफ्यातला चारपानी नेचा

बेळगावजवळच्या खानापूर, येळ्ळूर भागात रोपलावण झाली, की पाणी साचलेल्या वाफ्यांत एका लांब देठावर चार पानं पसरलेली दिसतात. आंबुशी म्हणावी तर तिला तीनच पानं, आणि चवीला आंबट. भांगलणीत हे सरसकट तण म्हणून उपटलं जातं. पण हे गवत नव्हे आणि फुलझाडही नव्हे. हा नेचा आहे, म्हणजे फूल नाही, बी नाही. कोवळं पान गुंडाळीसारखं वळलेलं असतं, तीच याची खूण.

शास्त्रीय नाव मार्सिलिया. इटलीच्या लुइजी मार्सिली या निसर्ग अभ्यासकावरून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने ते दिलं. पुस्तकांत हमखास 'क्वाड्रिफोलिया' छापलेलं असतं, पण आपल्याकडच्या भातशेतीत आढळते ती बहुतेक मार्सिलिया मिन्युटा. संस्कृतात सुनिषण्णक, हिंदीत चौपतिया, बंगालीत शुशनी शाक, तमिळमध्ये आरै कीरै. बंगालात भाजीच्या ताटात मान, आपल्याकडे बांधावर फेकून देण्याचं नशीब! रात्री याची पानं मिटतात. झोप येण्यासाठी ही भाजी खावी, ही बंगाली समजूत बहुधा त्यावरूनच आली असावी.

खरी गंमत देठाच्या बुडाशी आहे. तिथे मसुरीएवढ्या टणक काळपट गोळ्या लागतात. त्यांना बीजाणुफळ म्हणतात; बीजाणू म्हणजे बीऐवजी वंश पुढे नेणारे सूक्ष्म कण. सुगीनंतर वावर भेगाळलं तरी त्या मातीत तशाच टिकतात, अगदी वर्षानुवर्षं. कवच झिजलं किंवा चिरलं आणि पाणी आत शिरलं, की काही मिनिटांत आतून बुळबुळीत दोरी बाहेर सरकते आणि तिच्यावरच्या पुडक्यांतून नर-मादी असे दोन तऱ्हेचे बीजाणू सुटतात. पुढचं फलन दिवसभरात उरकतं. नराच्या पेशी पोहत जातात, म्हणून साचलेलं पाणी हवंच. भांगलून काढलेलं तण पुढच्या पावसाळ्यात हजर का होतं, त्याचं एक कारण हे. दुसरं कारण चिखलात पसरणारं खोड. त्याचा तुकडा राहिला तरी पुरतो.

ऑस्ट्रेलियात याच्याच भाईबंदाला नारडू म्हणतात. तिथले आदिवासी त्याची बीजाणुफळं दळून, भरपूर पाण्यात कालवून खात. 1861 मध्ये बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी कूपर क्रीकपाशी अडकले तेव्हा तेही नारडूवर जगू पाहत होते. पोट भरायचं, पण अंगातली ताकद जात राहिली आणि दोघेही तिथेच गेले. नारडूत ब-1 जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेज हे विकर भरपूर असतं. त्यांनी स्थानिक रीत नीट पाळली नाही आणि ते त्यांना भोवलं, असं काही संशोधकांचं मत आहे.