कामाच्या फटीतले आत्मपरीक्षण

दिवसभराच्या धावपळीत स्वतःकडे पाहायला सवड मिळत नाही, ही तक्रार बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत जशी ऐकू येते तशीच गणपत गल्लीतल्या दुकानांतही. प्रत्यक्षात ही सवड तुकड्यातुकड्यांनी मिळतच असते: टिळकवाडीचे रेल्वे फाटक पडते, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर चढवलेला जॉब (घडवायचा सुटा भाग) पुरा व्हायला काही मिनिटे लागतात, खानापूरची बस यायची असते. ही मिनिटे हल्ली मोबाइल खातो. पण सगळे खापर त्याच्यावर फोडणे मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना १५ मिनिटे नुसते विचार करत बसायचे होते आणि हवे असल्यास बटण दाबून स्वतःला विजेचा झटका घेता येत होता. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असे आधी सांगणाऱ्यांपैकी १८ पुरुषांतील १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतील ६ जणींनी तो घेतलाच.

रिकामे मन माणसाला जड जाते, आणि त्याला कारणही आहे. दिशा न दिलेला विचार सहज चरकात अडकतो. गिऱ्हाइकावर खेकसलेला दुकानदार गल्ला बंद करताना ‘मी असा का वागलो?’ हेच उगाळत राहिला, तर ते आत्मपरीक्षण नव्हे. मानसशास्त्रात त्याला रवंथ म्हणतात, आणि सुझन नोलन-होक्सेमा यांच्या संशोधनानुसार अशा रवंथाने खिन्नता लांबते. ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेला उपाय अगदी साधा आहे. स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेतले की प्रसंगाकडे थोडे दुरून पाहता येते आणि अस्वस्थता कमी होते. म्हणजे त्या दुकानदाराने ‘सुरेश, तुला नेमके काय खटकले, आणि उद्या तो आला तर काय बोलशील?’ असे विचारावे. मनातल्या मनात, अर्थात, गिऱ्हाइकांसमोर नको.

हे आठवणार कधी, हा खरा अडसर आहे. पीटर गोल्विट्झर यांचे ‘जर-तर’ नियोजनावरचे काम इथे उपयोगी पडते: ‘रोज थोडे चिंतन करीन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘फाटक पडले की दुचाकी बंद करून सकाळपासूनच्या एका निर्णयाचा विचार करीन’ असा ठरलेल्या खुणेला बांधलेला बेत कितीतरी अधिक वेळा तडीस जातो. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हाही परिणाम ठळक दिसला.

काम बदलतानाची घटका तर वाया घालवूच नये. आधीचे काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडले. उठण्यापूर्वी आपण कुठवर आलो आणि परतल्यावर प्रथम काय करायचे, एवढे लिहून ठेवल्यास हे रेंगाळणे कमी होते, असे त्यांना पुढच्या अभ्यासात आढळले. पाळी संपताना वहीत ‘इन्सर्ट (यंत्राचे कापणारे पाते) बदलला, पुढच्या जॉबचे माप आधी तपासणे’ असे लिहिणारा कामगार नेमके हेच करत असतो. त्याच ओळीखाली ‘आज घाई कुठे झाली’ याची एक ओळ वाढवायला त्याला अर्धा मिनिटही लागणार नाही.