चुन्याची निवळी आणि साठ लिटरचा समुद्र

काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि किटमधल्या बाटलीतून एकेक थेंब टाकत नळी हलवत राहायची. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. दोन, तीन, चार, पाच... निळंच. सातव्याला हिरवट झाक येते आणि आठव्याला एकदम पिवळं. आठ थेंब म्हणजे आठ डीकेएच, हे अल्कलिनिटी मोजायचं एकक. पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, माझ्या बैठकीत साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिची तब्येत कशी आहे, याचं सगळ्यात खरं उत्तर मला या थेंबांतून मिळतं.

"काऊन जी, पाणी तर निवळशंख दिसते, मग रोज रोज काय मोजता यात?" शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं. प्रश्न रास्तच आहे. अशा टाकीत जे बिघडतं, ते डोळ्यांना दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

थेंबांनी मोजतो ती अल्कलिनिटी, म्हणजे पाणी किती आम्ल पचवू शकतं ती ताकद. समुद्रात ती साधारण 7 डीकेएच असते आणि मुख्यतः बायकार्बोनेटमुळे असते. याच बायकार्बोनेटला पाण्यातलं कॅल्शियम जोडून प्रवाळ आपला सांगाडा बांधतो. शंख-शिंपलेही तेच करतात आणि खडकांवर चढणारं गुलाबी-जांभळं चुनेरी शैवालही. माझ्या टाकीत दगडी प्रवाळ नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघासारखंच संरक्षण दिलं आहे आणि ते योग्यच आहे. माझ्याकडे मशरूमसारखे मऊ जीव, थोड्या गोगलगाई आणि दोन क्लाउनफिश आहेत. पण खडकांवर जांभळं शैवाल भरभरून चढलंय आणि तेवढ्यानेही अल्कलिनिटी चार दिवसांत आठवरून सातवर येते.

आता मी कॅल्शियम न मोजता अल्कलिनिटीच का मोजतो, ते सांगतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम 410-420 मिलिग्रॅम असतं. जिवांनी त्यातलं 20 मिलिग्रॅम चुना करायला वापरलं, तर त्यासोबत 2.8 डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते. म्हणजे कॅल्शियम 420 वरून 400 वर आलं तर घरगुती किटवर तो फरक नीट कळतही नाही, पण तेवढ्यात अल्कलिनिटी आठवरून 5.2 वर घसरलेली असते. भिंतीला भेग पडायच्या आधी जिथे ओल दिसते, तिथे आपण बघतो, तसंच हे. पीएचच्या मागेही मी धावत नाही. दिवसा शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून तो संध्याकाळी वर जातो, रात्रभर श्वसन चालतं म्हणून पहाटे खाली येतो. अल्कलिनिटी जागेवर असली की हा चढउतार टाकी सोसते. एक युक्ती सांगून ठेवतो: पाण्याचं माप दुप्पट, म्हणजे दहा मिलिलिटर घेतलं तर एक थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो आणि मोजणी जास्त बारीक येते.

अल्कलिनिटी उतरली तर खायचा सोडा चालतो. साठ लिटरला एक डीकेएच वाढवायला 1.8 ग्रॅम पुरतात. काट्यावर मोजून, पाण्यात विरघळवून, हळूहळू घालायचा. एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त नाही. बेकिंग पावडर मात्र नको, तिच्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

आमच्याकडची खरी लढाई मे महिन्यात असते. खोलीत पारा 36 वर गेला की मी टाकीच्या तोंडावर छोटा पंखा लावतो आणि पाणी 28-29 अंशांवर राहतं. हे माठाचंच तंत्र. एक लिटर पाणी उडताना इतकी उष्णता घेऊन जातं की तेवढ्यात साठ लिटर पाणी नऊ-साडेनऊ अंश थंड व्हावं. विदर्भाची हवा कोरडी म्हणून हे जमतं. श्रावणात हाच पंखा फारसा कामाचा राहत नाही. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. माझ्या टाकीतून उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटर जातात.

दोन वर्षांपूर्वी मेमधल्याच एका लग्नाला तीन दिवस गेलो, पंखा चालू ठेवून. परत आलो तर पाणी तीन-चार बोटं खाली गेलेलं आणि मशरूम सुकलेल्या बोरासारखे आकसलेले. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा 41, म्हणजे किलोभर पाण्यात 41 ग्रॅम क्षार, असायला हवे 35. घाबरून एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर जे वाचलं होतं तेही गेलं असतं. दोन दिवस, दर थोड्या वेळाने एकेक पेला घालत राहिलो. तिसऱ्या दिवशी पहिला मशरूम उघडला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

रिफ्रॅक्टोमीटरही अधूनमधून तपासावा लागतो. 36.5 ग्रॅम मीठ आणि 963.5 ग्रॅम शुद्ध पाणी यांचं द्रावण त्याच्यावर बरोबर 35 दाखवायला हवं. किराण्यातलं मीठ चालतं. पण याच मिठाने टाकी भरता येत नाही. तिला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असलेलं सागरी मीठच लागतं.

ते मीठ कालवायला बोअरचं पाणी नको. त्यात आधीच क्षार असतात, शेतातल्या युरियाचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं, आणि टाकीत त्यावर नको ते शैवाल माजतं. मी आरओची कॅन आणतो आणि ते पाणी क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर नेतो. आमच्या भागात लोकांना फ्लोराइडची धास्ती आहे, पिण्याच्या पाण्यासाठी ती खरीही आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मात्र ते मुळातच 1.3 मिलिग्रॅम असतं.

रोजच्या भरपाईला मला सोड्यापेक्षा चुन्याची निवळी आवडते, कारण ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकाच हिशोबात परत देते. शाळेत नळीने फुंकर मारून जिला आपण दुधाळ केलं होतं, तीच ही निवळी. चुना शुद्ध हवा, पानाच्या डबीतला नाही. माप मात्र काटेकोर ठेवावं लागतं. उडालेलं तीन लिटर पाणी सगळं निवळीनेच भरलं, तर एका दिवसात अल्कलिनिटी साडेपाच डीकेएचने चढेल आणि पीएच भडकेल. माझ्या टाकीला रोज पाव डीकेएच लागते, म्हणजे सुमारे सव्वाशे मिलिलिटर निवळी. बाकीचं साधं शुद्ध पाणी. दिवे मालवल्यावर, पीएच उतरायला लागतो तेव्हा, सलाइनच्या नळीने ती थेंब थेंब सोडतो.

सकाळी निवळीच्या बाटलीत वर पातळ पांढरा पापुद्रा धरलेला असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला मिळून झालेला तो कॅल्शियम कार्बोनेट. वणी-झरीकडे ज्या चुनखडकाच्या खाणी आहेत, त्या खडकातलंही मुख्य द्रव्य हेच. पृथ्वीवर प्राणी यायच्या कितीतरी आधी इथल्या समुद्राच्या तळाशी तो साचला होता. पापुद्रा मी चमच्याने अलगद काढतो, खालची निवळी ढवळू न देता नळीत भरतो आणि पुन्हा पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब मोजायला बसतो.