संधिप्रकाशातला समुद्र आणि त्याची सरासरी

लाँग एक्सपोजरने, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर कित्येक सेकंद किंवा मिनिटं उघडं ठेवून टिपलेला समुद्र पाहिला की काही जण हरखून जातात आणि काही जण नाक मुरडतात. दुधासारखं पाणी, खडकांभोवती धुकं, लाटेचा मागमूस नाही. असा समुद्र कुठे असतो का, हे तर कॅमेऱ्याचं नाटक, असं म्हणणारे भेटतातच. मला हे मत पटत नाही. असा फोटो समुद्राबद्दल जे सांगतो ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच. ते खरं असतं, आणि मोजून दाखवता येतं.

कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरचा एकच पिक्सेल, म्हणजे एकच ठिपका घेऊ. एका काळ्या खडकाच्या पायथ्याशी लाटा फुटतायत, त्या जागेवर तो रोखलेला आहे. शटर उघडं असेपर्यंत पिक्सेल एकच काम करतो: येईल तो प्रकाश साठवत राहतो. आधी काय आलं आणि नंतर काय, याची नोंद तो ठेवत नाही. समजा दर दहा सेकंदांनी लाट येते, दोन सेकंद तिथे पांढरा फेस उसळतो आणि उरलेली आठ सेकंदं ओला, काळा दगड दिसतो. दोन मिनिटांनी शटर मिटतं तेव्हा त्या पिक्सेलने एक पंचमांश वेळ फेस पाहिलेला असतो आणि चार पंचमांश वेळ दगड. म्हणून तिथे करडा रंग उमटतो. त्याच्या वीतभर वर फक्त मोठ्या लाटेचा फेस पोहोचतो, तिथे काळोख जास्त. वीतभर खाली फेस जवळजवळ हटतच नाही, तिथे पांढरं. खडकाभोवती धुकं म्हणून जे दिसतं तो असा नकाशा आहे: कुठे, किती वेळ फेस होता.

किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी याच तत्त्वाचं उपकरण केलं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाचे रॉब होलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या डक इथल्या किनाऱ्यावर उंचावरून व्हिडिओ कॅमेरे रोखले आणि दहा-दहा मिनिटांच्या चित्रणाची सरासरी काढायला सुरुवात केली. लाट उथळ पाण्यात आली की फुटते. त्यामुळे पाण्याखाली जिथे वाळूचा दांडा असेल तिथे लाटा पुन्हा पुन्हा फुटतात, आणि सरासरी चित्रात तिथे पांढरा पट्टा उमटतो. पाण्यात न उतरता, कुठलंही यंत्र बुडवून न ठेवता समुद्रतळाचा आकार समजतो. त्या पट्ट्यात मध्येच काळी फट दिसली तर तिथे पाणी खोल आहे, आणि बऱ्याचदा तिथूनच माणसाला आत ओढून नेणारा रिप करंट वाहत असतो. या पद्धतीतून आर्गस नावाची यंत्रणा उभी राहिली आणि पुढे जगात अनेक किनाऱ्यांवर बसवली गेली. फोटोग्राफर ज्या दुधाळ पट्ट्यासाठी तास तास थांबतात, त्याच पट्ट्यावरून अभ्यासक वाळूचा दांडा कुठे सरकला हे वाचतात. मला ही गोष्ट कळल्यापासून असे फोटो बघायची माझी रीतच बदलली.

आता किती वेळ शटर उघडं ठेवायचं हा प्रश्न. त्याचं उत्तर कॅमेऱ्यात कमी आणि लाटांत जास्त आहे. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा दर तीन ते सहा सेकंदांनी येतात, आणि दूरच्या वादळातून प्रवास करत आलेला संथ उसळा आठ ते चौदा सेकंदांनी. दहा सेकंदांच्या लाटा धरल्या तर तीस सेकंदांत जेमतेम तीन लाटा मावतात. तीन लाटांची सरासरी ओबडधोबड असणारच. संख्याशास्त्राचा साधा नियम असा की सरासरीतला चढउतार लाटांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. तीस सेकंदांचे दोन मिनिटं केले की पाण्यावरचा खडबडीतपणा निम्मा होतो. तो आणखी निम्मा करायचा तर आठ मिनिटं लागतात. म्हणून दोन-तीन मिनिटांच्या पुढे समुद्र फारसा बदलत नाही, फक्त आपण ताटकळतो. आणि खरं सांगायचं तर अर्ध्या ते दोन सेकंदांचा एक्सपोजर मला जास्त आवडतो. परतणारं पाणी वाळूवर आणि दगडांवर ज्या रेघा ओढतं, त्यात एका लाटेची गोष्ट सबंध दिसते. सरासरीत ती हरवते.

पण सरासरी समुद्र सपाट दिसला तरी आरशासारखा का दिसत नाही? खरोखर निश्चल पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब जसंच्या तसं दिसेल. लाटांचा समुद्र म्हणजे वेगवेगळ्या कोनांत कललेले असंख्य छोटे आरसे, आणि प्रत्येक आरसा क्षणोक्षणी आपला कल बदलतो. एकाच पिक्सेलमध्ये आकाशाचे वेगवेगळे तुकडे एकामागून एक येऊन मिसळतात. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी हवाई बेटांजवळ विमानातून पाण्यावरच्या सूर्याच्या चकाकीचे फोटो काढले आणि त्या चकाकीच्या पसाऱ्यावरून लाटांचे उतार मोजले. १९५४ साली प्रसिद्ध झालेलं ते काम आजही उपग्रहावरून समुद्र पाहणारे वापरतात. वारा वाढला की उतारांचा पसारा वाढतो, असं त्यांना आढळलं. लाँग एक्सपोजरमध्ये दिव्याचं किंवा चंद्राचं प्रतिबिंब उभ्या, मऊ पट्ट्यासारखं ताणलेलं दिसतं ते यामुळेच.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. दूरवर पाहताना आपल्याला लाटांच्या ज्या बाजू दिसतात त्या मुख्यतः आपल्याकडे कललेल्या असतात, मागच्या बाजू झाकल्या जातात. आपल्याकडे कललेला आरसा क्षितिजालगतचं आकाश दाखवत नाही, बरंच वरचं दाखवतो. म्हणून क्षितिजावर केशरी उजेड पसरलेला असताना त्याच्या खालचा समुद्र निळसर आणि गडद राहतो, आणि दोघांमधली रेघ इतकी स्पष्ट उमटते.

वरचं आकाश त्या वेळी निळं का असतं, हे कोडं बराच काळ नीट सुटलेलं नव्हतं. दिवसा आकाश निळं दिसतं ते हवेतल्या रेणूंनी निळा प्रकाश जास्त विखुरल्यामुळे. पण सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर प्रकाशाला हवेतून इतका लांब प्रवास करावा लागतो की वाटेतच बराचसा निळा गळून जातो. त्या हिशेबाने डोक्यावरचं आकाश फिकट पिवळट दिसायला हवं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ई. ओ. हलबर्ट यांनी १९५३ मध्ये दाखवलं की हा निळा रंग ओझोनची देणगी आहे. ओझोन केशरी आणि पिवळ्या भागातला प्रकाश थोडासा शोषतो. शोषणाचा हा पट्टा शापुई या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० मध्येच शोधला होता. दिवसा त्याचा परिणाम नगण्य असतो, पण मावळतीनंतर किरणं ओझोनच्या थरातून तिरपी, लांबच लांब जातात आणि केशरी छटा वजा होते. सूर्यास्ताच्या वेळी माथ्यावरच्या निळाईत दोन तृतीयांश वाटा ओझोनचा, असा हलबर्ट यांचा हिशेब होता. मावळतीनंतरच्या ज्या निळ्या वेळेला फोटोग्राफर ‘ब्लू अवर’ म्हणतात तिचं श्रेय असं दूर, वीस-तीस किलोमीटर उंचीवरच्या विरळ वायूकडे जातं.

आणि आता या प्रकाराची सगळ्यात अवघड बाजू. दिवसा दोन मिनिटांचा एक्सपोजर घेतला तर सुरुवातीचा आणि शेवटचा उजेड सारखाच असतो. संध्याकाळी तसं नसतं. निरभ्र आकाशाखाली सूर्यास्ताला सुमारे ४०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला, म्हणजे नागरी संधिप्रकाश संपला, की तीन-साडेतीन लक्स उरतो. १२ अंशांवर, जिथे समुद्रावर क्षितिज दिसेनासं होऊन नाविक संधिप्रकाश संपतो, तिथे एका लक्सच्या शंभराव्या भागाहूनही कमी. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, एक अंशाला चार मिनिटं. आकडेमोड केली तर या काळात उजेड साधारण दर तीन मिनिटांनी निम्मा होतो. ध्रुवांकडे जावं तसा हा वेग मंदावतो.

याचा परिणाम मोठा विलक्षण आहे. समजा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरने सांगितलं, या उजेडाला दोन मिनिटं लागतील. पण ती दोन मिनिटं सरेपर्यंत उजेड ओसरलेला असतो, तेव्हा प्रत्यक्षात दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात. मीटर तीन मिनिटं म्हणाला तर पाच. चार म्हणाला तर अकरा. आणि साडेचार म्हणाला तर तो फोटो कधीच पुरा होत नाही, शटर रात्रभर उघडं ठेवलं तरी. उजेड निम्मा-निम्मा होत जातो तेव्हा त्याच्या पुढच्या सगळ्या उजेडाची बेरीजही मर्यादित असते, आणि तीन मिनिटांच्या हिशेबाने ती आत्ताच्या उजेडाच्या सव्वाचार मिनिटांहून थोडीशीच जास्त भरते. नागरी संधिप्रकाशाच्या अखेरीस एफ ८ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) वर अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक्सपोजर लागतो. तिथे हौसेने आठपट प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लावला की गणित चार मिनिटांवर जातं, थेट या सव्वाचार मिनिटांच्या भिंतीच्या पायथ्याशी. सूर्यास्तापूर्वी हजारपट अडवणारा फिल्टर उपयोगी असतो, सेकंदाच्या तिसाव्या भागाचा एक्सपोजर तो ३४ सेकंदांवर नेतो. पण काळोख पडत जाईल तसे फिल्टर उतरवत जायचे, आणि तरीही उजेड कमी पडला तर अ‍ॅपर्चर उघडायचं किंवा आयएसओ वाढवायचा. वेळ वाढवून काम होत नाही.

ही सरासरीही सरळ राहत नाही. सहा मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये पहिल्या तीन मिनिटांचा वाटा दोन तृतीयांश असतो, पुढच्या तीनचा एक तृतीयांश. फोटोतला रंग मुख्यतः सुरुवातीचा. दीपगृहाचा किंवा होडीचा दिवा मात्र मंदावत नाही, त्यामुळे एक्सपोजर लांबवला की चित्रात त्याचं वजन वाढत जातं.

फिल्मवर काम करणाऱ्यांपुढे याहून मोठी अडचण होती. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी (कृष्णविवराच्या त्रिज्येला ज्यांचं नाव आहे तेच) १८९९ मध्ये ताऱ्यांचे फोटो काढताना पाहिलं की अंधूक उजेडात फिल्मची संवेदनशीलताच घटते. फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या कणावर टिकाऊ ठसा उमटायला एकाहून अधिक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, लागतात. ते फार सावकाश आले तर पहिल्याचा परिणाम दुसरा येईपर्यंत पुसला जातो. संध्याकाळी मावळता उजेड आणि दमलेली फिल्म, दोन्ही एकाच वेळी. डिजिटल सेन्सरला हा दोष नाही. त्याचा त्रास वेगळा: तापलेला सेन्सर स्वतःच खोटा सिग्नल तयार करतो. त्यावर उपाय म्हणून कॅमेरा फोटोनंतर तितकाच वेळ शटर बंद ठेवून एक काळी फ्रेम घेतो आणि ती वजा करतो. उपाय चांगला, पण चार मिनिटांच्या फोटोनंतर चार मिनिटं थांबायचं म्हणजे उजेड निम्म्याहून कमी झालेला. समुद्रावर संध्याकाळी ही सोय मी बंदच ठेवतो.

बाकी काळजी ट्रायपॉडची. लाट परतताना पायांभोवतीची वाळू खरवडून नेते आणि पाय मिलिमीटर-मिलिमीटर खचतो. डोळ्याला कळत नाही, फोटोत क्षितिज दुहेरी होतं. पाय आधीच वाळूत दाबून, हलेनासे होईपर्यंत रोवायचे आणि दोन लाटा त्यांच्यावरून जाऊ द्यायच्या. फोकस उजेड असतानाच धरून ठेवायचा. आणि समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्यात डोकं घालायचं नाही, मोठी लाट न सांगता येते.

हल्ली फोन आणि कॅमेरे एका लांब एक्सपोजरऐवजी एकेक सेकंदाचे शंभर फोटो घेऊन त्यांची बेरीज करतात. प्रकाशाच्या हिशेबात फरक फारसा पडत नाही, पण हातात सगळ्या फ्रेम उरतात आणि मग निवड आपली. सरासरी काढली तर नेहमीचं धुकं मिळतं. मध्यक काढला, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या शंभर किमती चढत्या क्रमाने लावून मधली उचलली, तर निम्म्याहून कमी वेळ जे होतं ते सगळं नाहीसं होतं. वाटेत आलेली होडी जाते हे ठीक, पण खडकाभोवतीचं धुकंही जातं, कारण तिथे फेस पाचातली एकच सेकंद होता. खडक कोरडा ठणठणीत, नुकता ठेवल्यासारखा दिसतो. मला ते चित्र मेलेलं वाटतं. तिसरा पर्याय कमी लोक वापरतात, तो मात्र आवर्जून करून पाहावा: प्रत्येक पिक्सेल किती बदलला, ते काढायचं. आर्गसचे अभ्यासक सरासरीच्या जोडीला असंही चित्र ठेवतात. त्यात आकाश आणि उघडा दगड काळे पडतात, आणि सर्वांत उजळ दिसते ती जागा, जिथे फेस बरोबर निम्मा वेळ होता.