एका बाईंचं गाव, जनगणनेत मात्र दोघे

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात उत्तरेकडच्या टोकाला, साउथ डकोटाच्या सीमेलगत, बॉइड नावाची काउंटी आहे. तिथल्या मोनोवाय या गावाची लोकसंख्या २०१०च्या जनगणनेत भरली एक. मोनोवाय ही नुसती वस्ती नाही, कायद्याने नोंदलेलं गाव आहे. त्याला हद्द आहे, कर लावायचा अधिकार आहे. असं रीतसर गाव आणि त्यात एकच रहिवासी, हे अख्ख्या देशात दुसरीकडे कुठेच नव्हतं. त्या रहिवासी म्हणजे एक वयस्कर बाई. २००० साली गावात त्या आणि त्यांचे पती असे दोघे होते. २००४ मध्ये पती वारले आणि बाई एकट्या राहिल्या.

मग २०२०ची जनगणना झाली आणि मोनोवायची लोकसंख्या जाहीर झाली दोन. गावात कोणी राहायला आलेलं नव्हतं. आपण अजूनही एकट्याच आहोत, असं बाईंनी बातमीदारांना सांगितलं. मोजणाऱ्याने घर चुकवलं नव्हतं की फॉर्म दोनदा भरला गेला नव्हता. आकड्यात हा फरक जनगणना ब्यूरोच्या पद्धतीनेच, समजून-उमजून पडू दिला होता. तो का, हे कळायला आधी गाव वसलं कसं आणि ओस पडलं कसं ते पाहायला हवं.

हा मुलूख मुळात पोंका या आदिवासी जमातीचा. नायोब्ररा नदी मिसूरीला मिळते त्या परिसरात त्यांची गावं आणि मक्याची शेतं होती. १८६८च्या फोर्ट लॅरमी करारात अमेरिकी सरकारने पोंकांची जमीन चुकून सू या दुसऱ्या जमातीच्या नावावर लिहून दिली. ती चूक निस्तरण्याऐवजी १८७७ मध्ये पोंकांनाच उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, नेऊन टाकलं. तिथे स्टँडिंग बेअर या त्यांच्या प्रमुखाचा मुलगा दगावला. त्याला पूर्वजांच्या मातीत पुरायचं म्हणून १८७९च्या ऐन हिवाळ्यात स्टँडिंग बेअर मोजकी माणसं घेऊन उत्तरेला निघाला आणि सैन्याने त्याला पकडलं. ओमाहाच्या कोर्टात खटला उभा राहिला. सरकारी पक्षाचा युक्तिवाद असा की इंडियन, म्हणजे अमेरिकेतला मूळ आदिवासी, हा कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’च नाही, त्यामुळे तो कोर्टात दाद मागू शकत नाही. न्यायाधीश एल्मर डंडी यांनी १२ मे १८७९ रोजी निकाल दिला, की तो व्यक्ती आहे. त्या काळी राज्यघटनेनुसार संसदेतल्या जागांसाठी लोकसंख्या धरताना ‘कर न भरणारे इंडियन’ वगळले जात. माणूस मोजणीत धरायचा की नाही, हा प्रश्न या मातीत जनगणनेच्या तक्त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे.

१८९०च्या सुमारास बॉइड काउंटीचा प्रदेश गोऱ्या वसाहतदारांना खुला झाला. त्याच साली झालेल्या जनगणनेने देशाची ‘सरहद्द’, म्हणजे वसलेल्या प्रदेशाची पुढे सरकणारी कड, संपल्याचं नोंदवलं. सरहद्द ठरवायचं मापही लोकसंख्येचंच होतं: चौरस मैलाला दोनपेक्षा कमी माणसं असली की तो प्रदेश वसलेला धरायचा नाही. आज अमेरिकेतल्या काही काउंट्या या मापाने पुन्हा न वसलेल्या ठरतील.

वसाहतदार आले ते गवताच्या प्रदेशात. प्रेअरीवर झाडं विरळ, गवताची मुळं मात्र जमिनीत कित्येक फूट खोल गेलेली. त्या मुळांनी घट्ट बांधलेल्या मातीचे विटांसारखे तुकडे कापून लोकांनी पहिली घरं उभी केली. जमीन कसदार होती, भरवसा नव्हता तो पावसाचा. साधारण १००व्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाचा पाऊस २० इंचांच्या, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या खाली जातो आणि नुसत्या पावसावरची शेती बेभरवशाची होते, असा इशारा भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्येच दिला होता. मोनोवाय त्या रेषेच्या थोडं पूर्वेला, म्हणजे अगदी काठावर आहे. पण लोकांना दुसरंच शास्त्र गोड लागलं. नेब्रास्का विद्यापीठातले सॅम्युएल ऑघी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स डाना विल्बर सांगत होते, की नांगरलेली जमीन पाणी धरून ठेवते, ते पाणी हवेत जातं आणि मग पाऊस वाढतो; नांगरामागे पाऊस येतोच. १८८०च्या दशकात योगायोगाने पाऊस बरा झाला आणि हे खरं वाटलं. १८९०च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा सिद्धान्त कोलमडला. तोवर त्याच्या भरवशावर हजारो कुटुंबांनी बिऱ्हाडं हलवली होती.

मोनोवाय जन्मलं ते मात्र पावसामुळे नाही, रेल्वेमुळे. १९०२च्या सुमारास फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली या कंपनीचा फाटा इथवर आला आणि रुळांच्या कडेला प्लॉट पाडले गेले. प्रेअरीवरच्या बहुतेक गावांची गोष्ट अशीच आहे. दर आठ-दहा मैलांवर एक स्टेशन, कारण शेतकऱ्याला घोडागाडीतून धान्य पोचवून अंधाराच्या आत घरी परतायचं असे आणि वाफेच्या इंजिनालाही मधेमधे पाणी लागे. गावांमधलं अंतर घोड्याच्या चालीने ठरलं, आणि मोटार आल्यावर ते अंतर निरर्थक झालं. माझ्या मते मोनोवायचं भवितव्य त्याच्या नकाशातच लिहिलेलं होतं. घोड्याच्या वेगासाठी इतकी जवळजवळ वसवलेली सगळी गावं मोटारीच्या युगात टिकणं शक्यच नव्हतं.

१९३०च्या दशकात गाव भरात होतं तेव्हा तिथे दीडशेच्या आसपास माणसं होती. किराणा दुकानं, खानावळी, शाळा, पोस्ट, चर्च, सगळं होतं. मग उतरण लागली. १९५० मध्ये ६७, १९६० मध्ये ४०, १९९० मध्ये ६. पोस्ट १९६७ साली बंद झालं, शाळा १९७४ साली. आख्ख्या बॉइड काउंटीची रेघही अशीच उतरती आहे: १९१० मध्ये सुमारे ८,८०० लोक, २०२० मध्ये सुमारे १,८००.

एवढी माणसं गेली कुठे? एखाद्या रोगाने किंवा वादळाने गाव रिकामं केलं नाही. तिसाच्या दशकातल्या दुष्काळाने आणि मंदीने धक्का दिला हे खरं, पण मुख्य कारण ट्रॅक्टर. १९३० मध्ये नेब्रास्कात सव्वा लाखाहून जास्त शेतं होती आणि सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या घरात होतं. आज शेतं पन्नास हजारांच्याही खाली आहेत आणि सरासरी शेत हजार एकरांच्या जवळ गेलं आहे. जमीन तेवढीच, पीक उलट वाढलेलं, पण ते काढायला माणसं थोडी लागतात. म्हणजे शेती यशस्वी झाली आणि गाव रिकामं झालं. प्रेअरीवरून जाताना दोन्ही बाजूंना मक्याची तरारलेली शेतं आणि मधे पडक्या दुकानांची रांग दिसते, त्यात विसंगती काहीच नाही.

इथून पुढचं गणित लोकसंख्याशास्त्राचं. कोणत्याही दुकानाला, शाळेला, दवाखान्याला तग धरायला ठरावीक गिऱ्हाईक लागतं. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये या किमान गिऱ्हाइकावर वस्त्यांच्या रचनेचा अख्खा सिद्धान्त मांडला. संख्या त्या पातळीखाली गेली की दुकान बंद होतं, दुकान बंद झालं की आणखी दोन घरं उठतात आणि पुढच्या दुकानावर पाळी येते. त्यातून जातात ती तरुण माणसं. ती गेली की त्यांची होणारी मुलंही गेली. मागे उरलेल्यांचं वय वाढत जातं, जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात, आणि मग कोणीही गाव सोडलं नाही तरी संख्या घटत राहते. शाळा बंद होणं हा यातला सगळ्यात वाईट टप्पा, कारण त्यानंतर लहान मुलं असलेलं कुटुंब गावात येण्याचा प्रश्नच उरत नाही.

एकट्या उरलेल्या बाईंनी गाव चालू ठेवलं ते त्यांच्या टॅव्हर्नमुळे. बर्गर, कॉफी, बिअर. आसपासच्या गावांतले शेतकरी, शिकारी, ट्रकवाले तिथे थांबत. मेयर, क्लार्क, खजिनदार आणि ग्रंथपाल त्याच. दारूच्या परवान्याचे कागद मेयर म्हणून त्याच पाहत. चार रस्तादिव्यांच्या खर्चासाठी स्वतःवर कर लावून तो भरत, आणि राज्याचं अनुदान मिळावं म्हणून दरवर्षी गावच्या रस्त्यांचा आराखडा करून पाठवत. पतीने आयुष्यभर जमवलेल्या सुमारे ५,००० पुस्तकांसाठी त्यांनी एका खोलीचं ग्रंथालय केलं, लोकांनी यावं, पुस्तक न्यावं, वाचून परत आणावं म्हणून. हे त्यांनी हौसेखातर केलं असं मला वाटत नाही. कागदपत्रं थांबली तर गाव नोंदीतून जाईल, हे त्यांना ठाऊक होतं.

आता पुन्हा त्या ‘दोन’कडे. अमेरिकी कायद्यानुसार जनगणनेत दिलेली माहिती गुप्त असते. ती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. नावं अर्थातच छापली जात नाहीत, छापतात ते तक्ते: इतक्या स्त्रिया, इतके पुरुष, मध्यक वय (वयं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) इतकं, वंश हा. पण एकाच माणसाच्या गावात तक्ता म्हणजेच त्या माणसाचा फॉर्म. २०१० मध्ये मोनोवायचं ‘मध्यक वय’ म्हणून जे छापलं गेलं ते कोणाचं वय, हे काउंटीतल्या कोणालाही सांगता आलं असतं.

मोठ्या वस्तीतही तक्ते वाटतात तितके मुके नसतात. समजा, एका भागात तीनच माणसं आहेत. छापलेले आकडे असे: सरासरी वय ४०, मध्यक वय ३०, स्त्रिया दोन, त्यांचं सरासरी वय ५०. तिघांच्या वयांची बेरीज १२०, दोघींची १००, म्हणजे पुरुष २० वर्षांचा. मधलं वय ३०, म्हणून एक स्त्री ३० वर्षांची आणि दुसरी ७०ची. एकाही माणसाचं वय कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिघांची कळली. संगणकाला अशी लाखो समीकरणं एकदम सोडवता येतात. जनगणना ब्यूरोने २०१०च्या स्वतःच्याच छापील तक्त्यांवर हा प्रयोग केला. बाजारात मिळणाऱ्या माहितीशी ताडून पाहिल्यावर सुमारे ५ कोटी २० लाख लोकांची, म्हणजे लोकसंख्येतल्या १७ टक्क्यांची, ओळख बरोबर पटली.

यावरचा उपाय २००६ मध्ये सिंथिया ड्वॉर्क, फ्रँक मॅकशेरी, कोबी निसिम आणि अ‍ॅडम स्मिथ यांनी मांडलेल्या गणितात होता. त्याला डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात. आकडा छापण्याआधी त्यात एक लहानशी, नशिबाच्या सोंगटीने ठरणारी चूक मिसळायची: कधी अधिक दोन, कधी उणे एक, कधी शून्य. सोंगटी कशी पडेल याचं सूत्र सगळ्यांना उघड असतं, कोणत्या आकड्यात किती मिसळलं ते मात्र गुप्त. त्यामुळे तक्त्यात अमुक एक माणूस आहे की नाही, हे ठामपणे सांगता येत नाही. हजारो भागांची बेरीज केली की अधिक-उणे बरंचसं एकमेकांत जिरतं. राज्यांच्या एकूण आकड्यांना तर ब्यूरोने हातच लावला नाही. नेब्रास्काची २०२०ची लोकसंख्या १९,६१,५०४ ही मिसळ न करता छापलेली आहे. प्रत्येक भागातल्या घरांची संख्याही तशीच. सगळ्यात जास्त हलतात ते लहान आकडे. आणि त्यात आणखी एक खुबी: लोकसंख्या शून्याखाली जाऊ शकत नाही. खरी संख्या एक असेल आणि सोंगटी उणे तीन पडली, तरी छापताना शून्याच्या खाली जायचं नाही. त्यामुळे चिमुकल्या वस्त्यांचा आकडा वरच्या बाजूला सरकायचा धोका असतो. सुरुवातीच्या चाचण्यांत हा कल दिसला होता आणि ब्यूरोला तो बराच दुरुस्त करावा लागला.

२०२१ मध्ये अलाबामा राज्य या पद्धतीविरुद्ध कोर्टात गेलं, पण कोर्टाने ती थांबवली नाही. आदिवासींच्या राष्ट्रीय संघटनेनेही चिंता व्यक्त केली, कारण लहान राखीव वसाहतींना मिळणारा पैसा याच आकड्यांवर ठरतो. ही चिंता मला रास्त वाटते. ज्यांना शंभर-दीडशे वर्षं मोजलंच गेलं नाही त्यांच्याच आकड्यांत आता सगळ्यात जास्त ढवळाढवळ होते, आणि त्याची भरपाई करण्याची जबाबदारी ब्यूरोवर आहे.

तरीही पद्धत बरोबर आहे असंच मी म्हणेन, आणि त्यामागे इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं, तेव्हा कोणत्या भागात ते किती राहतात हे जनगणनेच्या तक्त्यांवरून काढून देण्यात आलं होतं. त्या तक्त्यांत एकाचंही नाव नव्हतं. २००० साली ब्यूरोचे संचालक केनेथ प्रूइट यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. माणसाने दार उघडून सरकारला खरं वय, खरा वंश, खरी घरातली माणसं सांगावी, तर ते त्याच्याविरुद्ध कधी वापरलं जाणार नाही अशी खात्री हवी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ती खात्री शहरातल्या माणसाहून जास्त हवी.

मूळ फॉर्म अर्थात जपून ठेवलेले असतात आणि ७२ वर्षांनी सर्वांना खुले होतात. मोनोवायच्या १९३०, १९४० आणि १९५०च्या याद्या आज कोणालाही पाहता येतात. १९३०च्या यादीत तर घरात रेडिओ आहे का, हाही रकाना आहे. २०२०चे फॉर्म २०९२ मध्ये उघडतील, आणि त्यात मोनोवायच्या नावापुढे बाईंनी स्वतः दिलेला आकडा असेल.