केन्याचे पुंकेसर सहाच: हातावरच्या फोकस स्टॅकिंगची पार्श्वभूमी

पाऊस चांगला लागला की सेमिनरी हिल्सच्या उतारावर आणि अंबाझरीच्या काठाला सकाळी सकाळी गुडघे टेकून बसलेली माणसं दिसतात. हातात मॅक्रो लेन्स, समोर केना. त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत कोमेजून जातं. ट्रायपॉडचे पाय चिखलात रोवून, रेल (कॅमेरा पुढेमागे सरकवण्याची पट्टी) बसवून तयार होईपर्यंत वारा सुटलेला असतो. त्यामुळे नागपुरात झाडाफुलांचं फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेल्या फ्रेम जोडून सगळीकडे स्पष्ट असं एक चित्र करणं, मुख्यतः हातावर होतं, आणि इथला वादही नेमका याच हातावरच्या स्टॅकिंगवरून आहे: ट्रायपॉडशिवाय घेतलेला स्टॅक प्रदर्शनात चालावा का?

वादाच्या मुळाशी एक आकडा आहे. फुल फ्रेम सेन्सरवर १:१ आकारात, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उमटते तेव्हा, एफ ८ ला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, जेमतेम १ मिलिमीटर मिळते. केन्याच्या पाकळीच्या कडेपासून पुंकेसराच्या टोकापर्यंतचं अंतर याच्या कितीतरी पट. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २२ पर्यंत बंद केलं तर १:१ ला ते प्रत्यक्षात एफ ४४ सारखं वागतं आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणजे एका फ्रेममध्ये अख्खं फूल स्पष्ट मिळणार नाही, हे लेन्सच्या किमतीवर नाही तर प्रकाशाच्या स्वभावावर ठरतं.

फिल्मच्या काळात यावर एक तोड होती. वस्तू प्रकाशाच्या अगदी पातळ पट्टीतून हळूहळू सरकवायची आणि एकाच फिल्मवर सगळं उमटू द्यायचं. वाळलेला किडा किंवा खनिजाचा तुकडा असेल तर ते जमायचं, वाऱ्यावर डुलणारं फूल त्यात बसत नव्हतं. १९८३ मध्ये चित्राचे ढोबळ आणि बारीक तपशिलांचे थर वेगळे करण्याची ‘लाप्लासियन पिरॅमिड’ पद्धत मांडली गेली. आजच्या स्टॅकिंग सॉफ्टवेअरमधल्या एका मोठ्या घराण्याचं मूळ तिथे आहे.

आमच्यापर्यंत हे सगळं पोचलं ते दोन हजारनंतर. आधी फुकट मिळणारं कम्बाइनझेड हे सॉफ्टवेअर, मग हेलिकॉन फोकस, मग झीरीन स्टॅकर. २००८ साली फोटोशॉप सीएस ४ मध्ये थर आपोआप मिसळण्याची सोय आली आणि ज्यांनी ही नावं ऐकली नव्हती तेही ‘स्टॅक मारू’ लागले. तरीही हे काम टेबलावरचंच राहिलं. हातावर आणलं ते सॉफ्टवेअरने नव्हे, स्थिरीकरणाने, म्हणजे हाताची हालचाल भरून काढणाऱ्या यंत्रणेने. दूरचं दृश्य टिपताना कॅमेऱ्याचा कोन हलला की चित्र हलतं. जवळून फूल टिपताना कॅमेरा नुसता वरखाली किंवा आडवा सरकला तरी पुरतं. ही सरक भरून काढणारी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स २००९ मध्ये आली, पाच अक्षांवर सेन्सर तोलणारा पहिला कॅमेरा २०१२ मध्ये. २०१५ मध्ये ऑलिंपसच्या ई-एम १ ला नव्या फर्मवेअरमधून (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आठ फ्रेम स्वतः घेऊन कॅमेऱ्यातच एक चित्र बनवण्याची सोय मिळाली. जुळवणीसाठी तो चौकटीच्या कडा थोड्या कापतो, हे गृहीत धरून फुलाभोवती मोकळी जागा ठेवायला लोक शिकले. माझ्या मते हातावरच्या स्टॅकिंगचा खरा इतिहास या सहा वर्षांचाच आहे, २००९ ते २०१५.

यानंतर शब्दांचा घोळ सुरू झाला, आणि तो अजून सुटलेला नाही. फोकस थोडा थोडा सरकवत फ्रेम घेणं म्हणजे ब्रॅकेटिंग. त्या एकत्र करणं म्हणजे स्टॅकिंग. ऑलिंपसने दोन्ही शब्द वेगळे ठेवले. २०१७ च्या नायकॉन डी ८५० ने पहिल्या क्रियेला ‘फोकस शिफ्ट’ म्हटलं. तो कॅमेरा तीनशेपर्यंत फ्रेम घेतो, पण जोडत एकही नाही. शिवाय अ‍ॅपर्चर बंद करताना लेन्सचा फोकस आपोआप सरकतो, त्या दोषालाही जुने लोक फोकस शिफ्टच म्हणतात. तारे टिपणाऱ्यांच्या तोंडी ‘स्टॅकिंग’ म्हणजे नॉइज (चित्रातले दाणे) कमी करण्यासाठी एकाच दृश्याच्या अनेक फ्रेमची सरासरी. तिथे फोकसचा संबंधच नाही. आणि ‘स्टिचिंग’ म्हणजे शेजारशेजारची दृश्यं जोडून रुंद चित्र करणं. मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून केलेल्या निसर्ग-छायाचित्राच्या व्याख्येत स्टॅकिंगला मुभा दिली गेली आणि स्टिचिंगला मनाई केली गेली. या दोन शब्दांमधल्या फटीतच आमच्याकडचा निर्णय जन्माला आला.

शहरातल्या एका प्रदर्शनाच्या निवड समितीने ठरवलं की स्टॅक केलेलं चित्र चालेल, पण ट्रायपॉडवरून घेतलेलं हवं. कारण असं दिलं की हातावर कॅमेरा सरकतो, दृष्टिकोन बदलतो, म्हणजे ते स्टिचिंगच झालं. समितीचा हेतू प्रामाणिक होता याबद्दल मला शंका नाही. पण कारण टिकत नाही. रेलवर स्टॅक करतो तेव्हा कॅमेरा पुढे सरकतोच, म्हणजे दृष्टिकोनही बदलतो. फोकस रिंग फिरवून घेतलेल्या फ्रेमपेक्षा जास्तच बदलतो. हातावर फरक इतकाच की आगेमागे सरकण्यात आडवी सरक मिसळते. ती सॉफ्टवेअर बरीचशी जुळवून घेतं. जे जुळत नाही ते पुढच्या केसराच्या कडेला मागच्या पाकळीची धूसर झालर म्हणून दिसतं, आणि ती झालर ट्रायपॉडवरच्या स्टॅकमध्येही येते.

त्या चर्चेत एका ज्येष्ठाने विचारलं होतं, “भाऊ, हा फोटो तू काढला का बनवला?” प्रश्न तिथल्या सगळ्यांना भिडला. पण आपल्या भाषेत चित्रही काढतात आणि फोटोही काढतात, क्रियापद एकच. वनस्पतीचं शास्त्रीय चित्र काढणारा चित्रकार फूल दहा वेळा, दहा कोनांतून बघून एक चित्र काढायचा, आणि ते बनावट आहे असं कुणी म्हटलं नाही. त्याला अट एकच होती: अवयव मोजून बरोबर हवेत.

नियम याच अटीवर उभा राहायला हवा होता. केन्याच्या फुलात सहा पुंकेसर असतात. खालचे तीन खरे, परागकण देणारे. वरचे तीन वांझ, पिवळ्याधमक टोकांचे, कीटकाला बोलावण्यापुरते. अंबाझरीला घेतलेल्या तेवीस फ्रेमच्या माझ्या एका स्टॅकमध्ये खालचे चार दिसत होते. बाराव्या आणि तेराव्या फ्रेमच्या मध्ये झुळूक आली होती, मधला केसर अर्धा मिलिमीटर डावीकडे झुकला होता, आणि सॉफ्टवेअरने दोन्ही जागी तो स्पष्ट बघून दोन्ही ठेवले. चित्र देखणं होतं. वनस्पती म्हणून ते खोटं होतं. पिरॅमिड पद्धतीत हा धोका जास्त, कारण लव आणि आडवेतिडवे केसर ती छान वाचवते पण जे जे रेखीव ते ते उचलते. फुलाचा कुठला भाग किती खोल याचा नकाशा बनवून काम करणारी दुसरी पद्धत रंग शांत ठेवते, पण कडेशी गडबडते. मी तेरावीपासूनच्या फ्रेम टाकून दिल्या आणि बाराच जोडल्या. मागची पाकळी मऊ राहिली, केसर मात्र तीन अधिक तीन.

ट्रायपॉडवर असतो तरी झुळूक आलीच असती आणि चौथा केसर उमटलाच असता. नियमाला तो सापडला नसता.

दुसऱ्या वर्षी ट्रायपॉडची अट गेली. आता प्रवेशिकेसोबत स्टॅकमधल्या सगळ्या मूळ फ्रेम मागवतात. मृग बहराच्या संत्र्याच्या फुलासाठी तर हे फारच गरजेचं होतं. मधल्या स्त्रीकेसराभोवती वीसेक पुंकेसरांचं कोंडाळं असतं, त्यातला एक वाढला की घटला हे जुळवलेल्या चित्रात डोळ्याला कळत नाही. परीक्षक स्क्रीनवर एकेक फ्रेम पुढे सरकवत पेन्सिलीने मोजतात.